ऑगस्टच्या एका वीकेंडला मैत्रिणीबरोबर टोकियोहून कुठले जपानी उत्सव बघता येतील?

तोहोकू या जपानच्या ईशान्य भागातले 'तीन मोठे' उत्सव, म्हणजे आओमोरीचा नेबुता (चित्ररथांची मिरवणूक), अकिताचा कांतो (कंदिलांच्या काठ्यांचा खेळ) आणि सेंदाईचा तानाबाता (कागदी सजावटीचा), एका शनिवार-रविवारात उरकतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही उरकत, आणि तसा हट्टही धरू नका. नेबुता २ ते ७ ऑगस्ट, कांतो ३ ते ६, तानाबाता ६ ते ८. वार कुठलाही येवो, तारखा दरवर्षी याच. त्यामुळे आधी कॅलेंडर उघडा आणि शनिवार कितीला येतो ते बघा. सेंदाईची फार काळजी करू नका. टोकियोहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दीड तास, आणि तिथली कागदी सजावट दिवसाउजेडी बाजारपेठेतून फिरत बघायची असते. ते एखाद्या वर्षी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येऊनही जमतं.

मी आणि माझी मैत्रीण २०२४ मध्ये गेलो तेव्हा ३ तारखेला शनिवार होता. शनिवारी अकिता, रविवारी आओमोरी. तुमच्या तारखा जुळत असतील तर तुम्हीही याच क्रमाने जा. अकितात उभं राहून बघायचं असतं, आओमोरीत नाचायचं असतं. उलटं केलंत तर दुसऱ्या दिवशी पाय साथ देणार नाहीत.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर नाव नेबुताचं मोठं असलं तरी बघायला कांतोच सरस. कांतोची काठी म्हणजे एक उभा लांब बांबू, त्याला बांधलेले आडवे बांबू आणि त्यांवर टांगलेले कागदी कंदील. सगळा मिळून आकार भाताच्या लोंबीचा, कारण उत्सवात चांगल्या पिकाचं मागणंही आहे. सगळ्यात मोठी काठी १२ मीटर उंच, ५० किलो वजनाची, तिच्यावर ४६ कंदील आणि आत खऱ्या मेणबत्त्या. ती एकटा माणूस पेलतो. तळहातावर, कपाळावर, खांद्यावर आणि शेवटी कमरेवर, दोन्ही हात सोडून! काही जण तर त्या अवस्थेत एका हाताने पंखा उघडून वारा घेतात. निव्वळ माज, पण शोभतो.

माझी मैत्रीण कोल्हापूरची, जोतिबाच्या चैत्रयात्रेत सासनकाठ्या बघत वाढलेली. तिचा पहिलाच प्रश्न, "अगं, दोर कुठायत?" सासनकाठी नाचवताना बाजूंनी दोर धरून तोल सांभाळणारी माणसं असतात. इथे तसं कोणी नाही. उलट साथीदार खालून बांबूचे आणखी तुकडे जोडत जातात, काठी वर वर जाते, वाकते, आणि "दोक्कोइशो, दोक्कोइशो" असा गजर चढत जातो. मध्येच एखादी काठी कलंडते, मेणबत्त्या विझतात. मग ती आडवी करायची, कंदील पुन्हा पेटवायचे आणि परत उभी करायची. कुणाला त्याची लाज वाटत नाही. अशा लहानमोठ्या मिळून सुमारे २८० काठ्या आणि दहा हजारांच्या आसपास कंदील एकाच रस्त्यावर असतात.

खेळ संपला की लगेच स्टेशनकडे पळू नका. शेवटी थोडा वेळ प्रेक्षकांना रस्त्यावर उतरू देतात. ढोल वाजवून बघता येतो, काठी धरता येते. मैत्रिणीने लहान मुलांची काठी धरली. ५ मीटर, ५ किलो. आकडा ऐकून हसू नका, वजन सगळं काठीच्या वरच्या टोकाला डोलत असतं. शेजारी उभा असलेला शाळकरी मुलगा तिला "वर बघा, हाताकडे नको" असं खुणेने सांगत होता. स्वतः मात्र तीच काठी तळहातावर घेऊन आरामात उभा राहायचा. रविवारी सकाळी वेळ असेल तर ४ ते ६ ऑगस्टला दिवसा याच काठ्यांच्या स्पर्धा असतात. त्यात कौशल्य जास्त नीट दिसतं, कारण डोळे दिपवणारे दिवे नसतात.

अकिताहून आओमोरीला 'त्सुगारु' नावाची एक्सप्रेस जाते, अडीच-पावणेतीन तास लागतात. डब्यात झोप काढा.

आओमोरीत दोन पर्याय आहेत. फुटपाथवर बसून मिरवणूक बघा किंवा हानेतोचा पोशाख घालून आत शिरा. हानेतो म्हणजे नाचणारे. पोशाख घातला असेल तर कुणीही सामील होऊ शकतं, नावनोंदणी नाही, ओळख लागत नाही. युकाता (सुती किमोनो), कमरेचं रंगीत वस्त्र, फुलांची टोपी आणि अंगभर घुंगरं असा थाट. शहरात भाड्याने मिळतो, साधारण चार-पाच हजार येन, नेसवूनही देतात. आतून हाफ पँट घालाच. एका पायावर दोन उड्या, मग दुसऱ्या पायावर दोन, की झाला नाच. तोंडाने "रास्सेरा, रास्सेरा". दहा मिनिटं मजा वाटते, नंतर पोटऱ्या बोलायला लागतात. उड्या मारताना घुंगरं गळून रस्त्यावर पडतात, ती सापडणं शुभ मानतात. समोर पडलेलं दिसलं तर मिरवणूक थांबायच्या आत वाकू नका, मागून शेकडो पाय येत असतात.

नेबुता म्हणजे तारेच्या सांगाड्यावर वाशी हा जपानी कागद चिकटवून रंगवलेला, आतून उजळलेला चित्ररथ. चाकांसकट साधारण ९ मीटर रुंद, ५ मीटर उंच, वजन चार टनांच्या आसपास. माणसंच ढकलतात. विजेसाठी जनरेटर खालीच बसवलेला, जवळ गेलात की त्याची घरघर ऐकू येते. समोर पंखा घेतलेला एक माणूस शिट्टी वाजवत इशारे करतो, आणि तो अख्खा योद्धा गर्रकन वळून प्रेक्षकांवर झुकतो. लहान मुलं किंचाळतात, मोठेही. तारीख निवडता येत असेल तर ४ ते ६ मधली घ्या, पहिल्या दोन दिवसांपेक्षा मोठे रथ तेव्हा जास्त असतात. कारागिरी शांतपणे बघायची असेल तर आओमोरी स्टेशनजवळच्या 'वा रास्से' संग्रहालयात जा. त्या वर्षीचे मोजके रथ तिथे जपतात, बाकीचे मोडले जातात. काळ्या रेघांमधला रंग एकमेकांत पसरू नये म्हणून मेण लावतात, ते तिथे हातभर अंतरावरून दिसतं.

आता कटकटीचं. मिरवणूक नऊच्या सुमारास संपते आणि त्यानंतर टोकियोला जाणारी शिनकानसेन नसते. म्हणजे रविवारची रात्र तिकडेच. हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात, आणि उरलेल्यांचे भाव बघवत नाहीत. आम्ही हिरोसाकीत राहिलो, लोकलने पाऊण तास. तिथे नेबुतासारखाच स्वतःचा 'नेपुता'ही असतो, पंख्याच्या आकाराचा आणि बराच संथ. फक्त शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. सोमवारची किमान अर्धी रजा आत्ताच टाका.

तुमची मैत्रीण शाकाहारी आहे असं लिहिलंय. माझीही आहे. उत्सवातल्या गाड्यांवर सोया सॉस लावून भाजलेलं कणीस सगळीकडे मिळतं, अकितात आज्जीबाई गुलाबी-पिवळं आइस्क्रीम उलथन्याने गुलाबासारखं रचून देतात. नूडल्स आणि सूपच्या नादी लागू नका, त्यात बहुतेक वेळा मासळीचा अर्क असतो. आम्ही थेपले आणि लसणाची चटणी नेली होती, ट्रेनमध्ये चटणीचा डबा उघडला नाही एवढंच पथ्य पाळलं.