लाकडी जमिनीसाठी फळ्या निवडताना
रंगावर जाऊ नका, आधी कडकपणा बघा. पाइनच्या फळीवर नख दाबलं तर वळ उठतो. लाल ओकवर जेमतेम उमटतो. जान्का चाचणीत, म्हणजे पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते मोजतात त्यात, लाल ओक १२९० पौंड, हिकरीचं लाकूड १८२०. साग या दोघांपेक्षा मऊ, पण अंगच्या तेलामुळे ओल सोसतो आणि कमी फुगतो-आकसतो. माझा कल कायम सागाकडेच!

आणखी एक, फळीचं टोक नक्की तपासा. वाढीच्या रेषा उभ्या दिसल्या तर ती फळी रुंदीत कमी फुगते-आकसते, कारण लाकूड वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट आकसतं. फळ्या आणल्या आणल्या ठोकू नका हं. त्याच खोलीत ठेवून ओलावा मोजा, तो स्थिरावला की मगच बसवा.