वजन बेताचं असताना कंबरेच्या मापावरून साखर तपासायला का सांगतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई राजापूरकडे राहते. वय ४६, उंची ५ फूट, वजन ५२ किलो, दिवसभर काजूच्या कारखान्यात बसून सोलाई. आईच्या आईला मधुमेह होता. आशाताईंनी कंबर मोजली, ३४ इंच भरली, म्हणून साखर तपासा म्हणाल्या. आई म्हणते, ‘मी कुठं जाडी आहे?’

जाडी नाहीच, पण चरबी नेमकी कुठे बसली आहे ते वजनकाट्याला कळत नाही. मांड्यांवरची चरबी तितकी नडत नाही. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्लं थेट यकृतात जातात, आणि मग साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन असूनही त्याचा हवा तसा असर होत नाही. हातपाय काडीसारखे नि पोट पुढे, ही ठेवण आपल्याकडे घरोघरी दिसते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, अंगातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेची मर्यादा ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. आईचे ८६ होतात.

पण आधी माप खरं आहे का ते बघा, कारण घोळ तिथेच होतो. परकराची नाडी बांधतात ती कंबर इथे चालत नाही. ती बहुधा सुटलेल्या पोटाच्या खाली असते. बेंबीही धरू नका, बाळंतपणांनंतर ती खाली ओघळते. काखेतून सरळ खाली बोट न्या. शेवटची बरगडी लागेल, त्याखाली कंबरेचं हाड. दोन्हींच्या मध्यावर पेनाने खूण करा, दोन्ही बाजूंना. टेप उघड्या अंगावर, जमिनीला समांतर. पाठीमागे ती हमखास घसरते, म्हणून मागून कुणीतरी बघावं. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही (सगळ्याच ओढतात). शिवणाची जुनी टेप ताणून लांबलेली असेल तर माप कमी दाखवते. आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या.

कंबर एकटी निकाल देत नाही. आशाताई आजारांचा धोका जोखायला फॉर्म भरून घेतात, त्यात आईचे गुण असे: वय ४० ते ४९ चे २, कंबर ८१ ते ९० चा १, आठवड्याला १५० मिनिटांहून कमी हालचाल १, घरात मधुमेह २. झाले ६. चाराच्या वर गेलं की तपासणीला आधी बोलावतात. मिसरी रोज लावत असतील तर आणखी २ धरा.

तपासणी उपाशीपोटी करायची, किमान ८ तास. सकाळची पेज किंवा चहा घेऊन गेल्यास तो आकडा उपाशीपोटीचा धरता येत नाही. १०० ते १२५ आला तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केलीत तर हिमोग्लोबिनही बघा. लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खोटी वाढलेली दिसू शकते. आणि गरोदरपणात कधी साखर वाढली होती का, हे आईला आठवून डॉक्टरांना सांगायला लावा. तशी वाढली असेल तर फॉर्मात गुण कमी आले असते तरी तेवढ्यावरून मी तपासणी करायलाच सांगितली असती.