वही काढून घेतलेल्या मुलीच्या वडिलांना

प्रश्न : मी हर्णैचा. आमची स्वतःची नौका आहे. मुलगी बारावी सायन्स, ७१ टक्के. नीटला ७२० पैकी ३०४ पडले, म्हणून लातूरला रिपीटरच्या बॅचमध्ये नाव घातलंय, फीचा पहिला हप्ताही भरला. सीईटी नुसता अनुभव म्हणून दिली होती. ती म्हणते, मला सागरी विज्ञान, समुद्राचं संवर्धन असं काहीतरी करायचंय. गेल्या हंगामात लिलावाच्या वेळी बंदरावर पट्टी घेऊन मासे मोजत बसायची. लोक हसायला लागले तेव्हा मी वही काढून घेतली. आमच्या तीन पिढ्यांच्या अंगाला मासळीचा वास आहे, तिच्या अंगाला नको. आणि ही संवर्धनवाली माणसं उद्या आमच्याच नौका बंद करणार. तुम्ही तिला फोनवर समजावा, तुमचं ऐकेल.

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातल्या टक्क्यांपाशी मी फार थांबले नाही. थांबले ती ‘वही काढून घेतली’ या वाक्यापाशी.

नीटचे गुण वर्षभरात वाढतीलही. पण मुलीला डॉक्टर व्हायचंय, असं तुमच्या अख्ख्या पत्रात एकदाही आलेलं नाही. मनाविरुद्ध रिपीटरच्या बॅचला बसवलेली मुलं मी दरवर्षी बघते. ती भांडत नाहीत, गप्प होतात. पुस्तक उघडं ठेवून तासन् तास बसतात, घरून फोन आला की ‘चाललंय’ एवढंच म्हणतात आणि परीक्षा जवळ आली की आजारी पडतात. आईवडिलांना ते फार उशिरा कळतं.

वासाचं तुम्ही लिहिलंत, तिथे तुमची खरी कळ आहे. कधीतरी एसटीत, शाळेत, कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी तुमच्याकडे बघून नाक मुरडलं असणार. तो अपमान खराच आहे. पण त्याची वसुली मुलीकडून करू नका. ज्या नौकेवर घर उभं राहिलं त्या नौकेची बापाला लाज वाटते, हे तिला दिसत असणार. त्याचं ओझं कमी गुणांपेक्षा जड असतं.

आता त्या वहीबद्दल. कोचीला केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था आहे, १९४७ सालची. देशाच्या किनाऱ्यावरच्या बंदरांवर त्यांची माणसं जाऊन बसतात आणि कोणत्या नौकेने कोणती मासळी आणली, किती आणली, केवढ्या लांबीची आणली, हे टिपतात. देशाच्या सागरी मासळीचा वार्षिक अंदाज अशा नोंदींवर उभा असतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. त्यात पापलेटची १३५ मिलिमीटर आहे. असा आकडा काढायचा तर मासा किती लांबीचा झाला की पहिल्यांदा अंडी धरतो ते बघावं लागतं, आणि त्यासाठी शेकडो मासे मोजावे लागतात. पट्टी घेऊन, ओल्या हातांनी, लिलावाच्या गोंधळात. तुमच्या मुलीला हे कुणी शिकवलं नव्हतं. हसणाऱ्यांना ते कळलं नाही, ठीक आहे. तुम्हाला कळायला हवं होतं.

नौका बंद होतील ही भीती बऱ्याच घरांत आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. नियम वरून आले, मच्छिमाराला कुणी विचारलं नाही, असं झालेलं आहे आणि त्याचा राग रास्त आहे. पण समुद्रात जे संवर्धन टिकलं ते मच्छिमाराला सोबत घेऊनच टिकलं. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात अशी योजना आहे की संरक्षित प्राणी, म्हणजे कासव, डॉल्फिन, बहिरी मासा (व्हेल शार्क), जाळ्यात अडकला आणि तुम्ही जाळं कापून तो सोडलात, तर फोटो किंवा व्हिडिओ दाखवून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय खातं, दोघांनी मिळून ती आणली. गुजरातमध्ये तर बहिरी माशाची शिकार करणाऱ्या गावांनीच २००४ नंतर त्याला जाळ्यातून सोडायला सुरुवात केली. तिथेही वनखातं, एक वन्यजीव संस्था, एक कंपनी आणि मच्छिमार एकत्र आले होते. लांब कशाला, तुमच्या शेजारच्या आंजर्ल्याला आणि वर वेळासला बघा. एकेकाळी तिथे कासवाची अंडी काढून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम सुरू केलं आणि आज गावातलेच कासवमित्र पहाटे किनारा धुंडाळतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या कासविणीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, तेव्हा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आणि कांदळवन प्रतिष्ठान एकत्र होते. पण घरटं कुठे आहे हे रोज किनारा तुडवणाऱ्यालाच ठाऊक असतं. आणि एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी थांबवा म्हणून कोकणात आंदोलनं कुणी केली? पारंपरिक मच्छिमारांनीच. तेही संवर्धनच आहे.

या सगळ्या भागीदाऱ्या अडतात कुठे, तर शास्त्रज्ञाची भाषा बंदरावर कळत नाही आणि तांडेलाचं, म्हणजे नौका हाकणाऱ्याचं, ज्ञान अहवालात पोचत नाही. दोन्ही समजणारी माणसं फार थोडी आहेत. वारा फिरला की मासळी कुठे सरकते, कोणत्या महिन्यात कोणती मादी अंड्यांवर असते, हे तुमच्या मुलीने जेवताना ऐकलेलं आहे. शहरातून आलेल्या मुलाला ते शिकायला काही वर्षं जातात. तिला हवंय ते त्याच्यावरचं शास्त्र.

ते कुठे मिळेल, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात, रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. बी.एफ.एससी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, चार वर्षं, प्रवेश सीईटीवर. अनुभव म्हणून दिलेली ती परीक्षा कामाची निघाली. पुढे मुंबईत वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था किंवा गोवा विद्यापीठ. तो विचार चार वर्षांनी करा.

पैशाचं स्पष्ट सांगते. संवर्धन संस्थांमधल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात, प्रकल्प संपला की पुन्हा शोधाशोध. सुरुवातीचा पगार बेताचा. डॉक्टरच्या कमाईशी तुलना कराल तर निराश व्हाल. मात्र याच पदवीवर बँकेत कृषी अधिकारी होता येतं, मत्स्यव्यवसाय खात्याच्या परीक्षा देता येतात, कोळंबीच्या शेतीत आणि मासळी निर्यातीत काम मिळतं. म्हणून नुसत्या बी.एस्सी.पेक्षा मी हीच वाट आधी सांगेन. आणि सागरी विज्ञान म्हणजे डॉल्फिनमागे पोहणं अशी तिची कल्पना असेल तर तीही पुसायला हवी. यात संख्याशास्त्र भरपूर आहे, नमुन्यांचा वास आहे आणि प्रयोगशाळेत रात्री जागणं आहे.

तिला फोनवर समजावण्याचं काम मी करणार नाही. मला बोलायचंय ते तुम्हा दोघांशी, एकाच वेळी, फोन स्पीकरवर ठेवून. त्याआधी एवढं करा. सध्या पावसाळी बंदी आहे, नौका शाकारलेली आहे, तुम्ही घरी आहात. वही तिला परत द्या आणि एक संध्याकाळ तिच्यासोबत बसून ती वाचा. पानांवर चुका सापडतील, जातींची नावं उलटसुलट असतील. त्या तुम्हीच दुरुस्त करून द्या, ते मला जमणार नाही. मग एक दिवस दोघं शिरगावला जाऊन कॉलेज बघून या. तिथल्या मुलामुलींशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

लातूरचा दुसरा हप्ता तोवर भरू नका. पहिल्यातलं काय परत मिळेल ते क्लासला लेखी विचारा. आणि सीईटीचं स्कोअरकार्ड शोधून ठेवा, प्रवेशाच्या तारखा निघून जायला वेळ लागत नाही.