अँटी-सीसीपी जर त्वचेतल्या प्रथिनाला चिकटते, तर दुखणं सांध्यांत का?

तुमच्या आईचा अँटी-सीसीपी, म्हणजे संधिवातासाठी (रुमेटॉइड आर्थ्रायटिससाठी) रक्तात तपासतात त्या अँटीबॉडीचा आकडा, बराच जास्त आलाय. ही अँटीबॉडी 'फिलॅग्रिन' नावाच्या त्वचेतल्या प्रथिनाला धरते असं तुम्ही वाचलंत, आणि आता विचारताय की त्वचा तर ठणठणीत आहे, मग बोटं का सुजली? रास्त प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 22 वर्षं काढली, त्या जोरावर लिहितेय. शिवाय घरात वहिनीला हाच आजार आहे आणि तिनेही मला हेच विचारलं होतं.

या गोष्टीत त्वचा आली ती तपासणी करणाऱ्यांच्या काचपट्टीमुळे. 1964 साली निनहाऊस आणि मांडेमा या दोन डच संशोधकांनी निरोगी माणसाच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडल्या, त्यावर संधिवाताच्या रुग्णाचं सीरम (रक्त गोठल्यावर उरणारं पाणी) टाकलं आणि चमकणारा रंग लावून पाहिलं, तर पेशीच्या केंद्राभोवतीचे बारीक कण उजळले. 1979 मध्ये दुसऱ्या गटाने उंदराच्या अन्ननलिकेच्या पातळ चकत्या घेतल्या. तिथे सगळ्यात वरचा, त्वचेसारखा कडक थर उजळला. तो केराटिनचा (केस-नखांतल्या कडक प्रथिनाचा) असणार असं धरून त्यांनी अँटीबॉडीला 'अँटी-केराटिन' नाव देऊन टाकलं. नाव चुकलं होतं. पुढे 1990 च्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने दाखवलं की गालातले कण काय आणि अन्ननलिकेतला थर काय, दोन्हीकडे अँटीबॉडी धरते ती फिलॅग्रिनच्या कुळातल्या प्रथिनांनाच. तुम्ही जे वाचलंत ते इथवरचं.

पण अँटीबॉडीला अख्ख्या फिलॅग्रिनशी काही देणंघेणं नव्हतं. 1998 मध्ये नेदरलँड्समधल्या शेलेकेन्स आणि व्हान व्हेनरॉय यांच्या गटाने दाखवलं की ती ओळखते सिट्रुलिनला. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांत सिट्रुलिन मुळात नसतंच, आपल्या जनुकांमध्ये त्यासाठी अक्षरच नाही. प्रथिन तयार झाल्यावर 'पॅड' नावाची एन्झाइम्स त्यातल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात. आर्जिनिनवरचा धन भार जातो, बाकी जवळपास सगळं तसंच. मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांत जेवढा फरक, तेवढाच. ही अँटीबॉडी म्हणजे त्या एका वेलांटीवर बोट ठेवणारी मास्तरीण. आजूबाजूची एकदोन अक्षरंही ती बघते, पण शब्द कुठल्या पुस्तकातला आहे याच्याशी तिला फारसं कर्तव्य नाही.

त्वचेत ही वेलांटी रोजच बदलते आणि त्यात आजार काहीच नाही. फिलॅग्रिन केराटिनचे धागे एकत्र बांधतं, मग त्यात सिट्रुलिन येतं, पकड सुटते, आणि शेवटी त्याचे तुकडे होऊन ते त्वचेत ओलावा धरून ठेवतात. हे सगळं घडतं ते वरच्या, मरत चाललेल्या पेशींच्या थरांत, आणि रक्तवाहिन्या तिथवर पोचतच नाहीत, त्या खालच्या थरात संपतात. सांध्याचं उलट आहे. सुजलेल्या अस्तरात रक्तपुरवठा भरपूर, पांढऱ्या पेशींची गर्दी, त्यांच्यातून पॅड एन्झाइम बाहेर पडतं, त्याला लागणारं कॅल्शियम बाहेर मुबलक. मग तिथल्या फायब्रिन, व्हायमेंटिन अशा प्रथिनांमध्ये सिट्रुलिन तयार होतं. फिलॅग्रिन सांध्यात नसतंच, पण वेलांटी तीच. म्हणून भांडण तिथे.

आणखी एक गंमत. सीसीपी म्हणजे 'सायक्लिक सिट्रुलिनेटेड पेप्टाइड', सिट्रुलिन असलेला प्रथिनाचा छोटा तुकडा. पहिल्या सीसीपी तपासणीतला तुकडा खरोखर फिलॅग्रिनवरून घेतला होता, दोन टोकं जोडून त्याचं कडं केलं होतं, म्हणून नावात 'सायक्लिक'. आज बहुतेक लॅब वापरतात त्या दुसऱ्या पिढीच्या किटमधले तुकडे प्रयोगशाळेत बनवलेल्या असंख्य तुकड्यांतून निवडलेले आहेत. म्हणजे आईच्या रिपोर्टमध्ये फिलॅग्रिन बहुधा नावालाही नसेल.

वहिनीचं वर्ष वाया गेलं ते आरए फॅक्टरवर, म्हणजे संधिवाताच्या जुन्या रक्ततपासणीवर, भरवसा ठेवल्यामुळे. सकाळी पोहे भिजवून पिळताना तिची मूठ वळेना. इंदूरच्या घरात पोहे होत नाहीत म्हटल्यावर काहीतरी गंभीर आहे हे आम्हाला तेव्हाच कळायला हवं होतं. एका डॉक्टरांनी आरए फॅक्टर निगेटिव्ह बघून 'वयाचं दुखणं' म्हणत नुसत्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. ती तपासणी आम्ही काळ्या काचपट्टीवर करायचो: सीरमचा थेंब, लॅटेक्सचा थेंब, काडीने ढवळून दोन मिनिटं पट्टी हलवायची. पॉझिटिव्ह असेल तर दूध फाटल्यासारखे कण दिसतात. स्वस्त आणि झटपट, पण कित्येक रुग्णांत निगेटिव्ह येते, आणि उलट हिपॅटायटिस सी असलेल्यांत किंवा धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही पॉझिटिव्ह येऊ शकते. अँटी-सीसीपीसुद्धा साधारण तीनांतल्या एका रुग्णात सापडत नाही, मात्र पॉझिटिव्ह आली तर तिचं म्हणणं बरंच वजनदार असतं. काहींच्या रक्तात ती सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून असते.

तरी नुसत्या रिपोर्टवरून निदान होत नाही. डॉक्टर वापरतात त्या या आजाराच्या 2010 च्या निकषांत 10 पैकी 6 गुण लागतात, आणि अँटीबॉडी मर्यादेच्या तिपटीहून जास्त असली तरी तिचे जास्तीत जास्त 3. बाकीचे किती सांधे सुजलेत, कधीपासून, रक्तातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपी तपासण्या किती, यावर. तेव्हा आईला संधिवाततज्ज्ञांकडे न्या, आणि तो आकडा दर महिन्याला तपासत बसू नका, उपचाराचा परिणाम त्यावरून जोखत नाहीत. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर थांबवा. धूम्रपानाचा या अँटीबॉडीशी पक्का संबंध आहे. हिरड्याही दाखवून घ्या, कारण हिरड्यांच्या आजारातल्या एका जिवाणूकडे स्वतःचं पॅडसारखं एन्झाइम आहे.

सिट्रुलिन हे नाव टरबुजाच्या शास्त्रीय नावावरून आलंय (कलिंगड म्हणा, आम्ही इंदूरवाले टरबूजच म्हणतो), कारण ते पहिल्यांदा त्याच्या रसात सापडलं. ही माहिती मी मोठ्या हौसेने वहिनीला सांगितली आणि तिने भर मे महिन्यात टरबूज सोडलं! फळातलं सुटं सिट्रुलिन वेगळं, प्रथिनाच्या साखळीत जागेवर तयार झालेलं वेगळं, हे पटवायला मला दोन उन्हाळे लागले. तुमच्या आईला खुशाल खाऊ द्या.

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध सुरू झालं तर मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: या आजारात ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. वहिनीचा वार बुधवार. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये प्रत्येक बुधवारला पेनाने गोल केलेला आहे, आणि तिने गोळी घेतली की दादा त्या गोलात फुली मारतो.