मुंबईत शिकारीच्या रायफलचं कस्टम काम करून देणारा चांगला गनस्मिथ कुठे मिळेल?

तुमच्या प्रश्नात वडिलोपार्जित .३१५ बोअरची रायफल आहे, दस्ता स्वतःच्या मापाचा करून घेणं आहे, चाप हलका करणं आहे, नळीचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावर काळा थर चढवणं, आहे. आणि शेवटी एक वाक्य आहे: ‘दसऱ्याच्या आत झालं तर बरं.’ त्या वाक्यामुळे लिहायला बसलो. आमच्या घरातली बंदूक दसऱ्याच्याच घाईने खाल्ली.

शिकारीचं आधी डोक्यातून काढा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवाना काढून थोडीफार करता यायची, १९९१ च्या दुरुस्तीने तीही संपली. रानडुकरं शेत उकरतात म्हणून वनखात्याचा लेखी हुकूम हातात असेल तर गोष्ट वेगळी. एरवी रायफल कपाटात, आणि वर्षातून एकदा पाटावर, झेंडूच्या माळेखाली.

आमची बंदूक म्हणजे आजोबांची बाराबोर डबल बार, म्हणजे दोन नळ्यांची, बर्मिंगहॅमची. सावंतवाडीकडच्या आमच्या घरात ती ओटीवरच्या खुंटीला असायची. आजोबांनंतर बाबा, बाबांनंतर लायसन्स दादाच्या नावावर, मी रिटेनर. म्हणजे कागद दादाचा आणि तेलपाणी माझं. दादाचा स्वभाव असा की गाडी सर्व्हिसिंगहून धुऊन आली की तो खूश. ऑइल बदललं का, हे विचारणार नाही. नळ्यांचा रंग जाऊन त्या राखाडी तपकिरी झाल्या होत्या. मला तो रंग आवडायचा. दादाला लाज वाटायची, कारण दसऱ्याला सोसायटीतले लोक बघायला येतात.

२०१३ च्या गणपतीनंतर त्याने ती दक्षिण मुंबईतल्या एका दुकानात दिली. मला न विचारता. चौथ्या दिवशी बंदूक परत. नव्या बुटासारखी काळीभोर. दादाने तिच्यासोबत फोटो काढले, दसऱ्याला पूजा झाली, आपट्याची पानं वाहिली, सगळ्यांनी वा वा केलं.

दिवाळीनंतर मी तेल लावायला घेतली तर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या, म्हणजे रिबच्या, कडेने पांढरट खार फुटलेला. पुसला. आठ दिवसांनी परत. आणि मग एका जागी रिब आणि नळी यांच्यामध्ये माझं व्हिजिटिंग कार्ड सरकन आत गेलं.

हे का झालं ते मला माझगावच्या एका म्हाताऱ्या कारागिराने समजावलं. नाव सांगत नाही. ते आता नाहीत, आणि त्यांची मुलं एसी दुरुस्त करतात. त्यांनी बंदूक उघडून नळ्या वेगळ्या केल्या, हुकाला बोट घालून त्या हवेत लोंबत्या धरल्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टकटक केलं. आवाज आला थप्प, फुटक्या मडक्यासारखा. म्हणाले, “कॉस्टिकमध्ये उकळली ना?”

तर प्रकार असा. चार दिवसांत होणारं ब्लूइंग म्हणजे कॉस्टिक सोड्याचं उकळतं द्रावण, साधारण १४० अंशांचं. पोलादाला ते छान काळं करतं. पण डबल बारच्या रिबा कथील-शिशाच्या डाखाने बसवलेल्या असतात, आणि कॉस्टिक कथलाला खातं. वर रिबच्या खालच्या पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही; ते आत बसून लोखंड खातं आणि हळूहळू खार बनून झिरपतं. जुन्या डबल बारला चालतं ते फक्त गंजाचं ब्लूइंग. औषध लावायचं, गंज चढू द्यायचा, पाण्यात उकळायचं, बारीक तारेच्या ब्रशने झाडायचं, आणि हे सात-आठ वेळा. त्या म्हाताऱ्यांना हे काम जुलैत करायला आवडायचं. “मुंबईची हवा फुकट गंज देते,” म्हणायचे. आपण सगळे पावसाळ्यात कपाटात डांबरगोळ्या टाकत बसतो आणि हा माणूस त्याच हवेकडून काम करून घ्यायचा!

त्यांनी दोन्ही रिबा काढल्या, आतला मळ खरवडला, पुन्हा कल्हई केली, तारेने आवळून राळ टाकून डाख दिला, मग गंजाचं ब्लूइंग. सात महिने लागले. दादाच्या चकाकीला साडेतीन हजार पडले होते, ते निस्तरायला चौदा. चौदा मी दिले, हे इथे नोंदवून ठेवतो.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. मुंबईत दुकानं आहेत, कारागीर फार थोडे. दुकानदार काडतुसं विकतो, इलेक्शनच्या आचारसंहितेत कधी कुणाची हत्यारं ठेवून घेतो, आणि काम बहुतेक वेळा मागच्या दाराने भलत्याकडेच जातं. म्हणून ‘कितीला?’ असं विचारू नका, ‘करणार कोण?’ हे विचारा, आणि त्या माणसाला भेटायचा हट्ट धरा. भेटलात की त्याचे स्क्रूड्रायव्हर बघा. जुन्या हत्यारांच्या स्क्रूच्या खाचा बारीक असतात. चांगला माणूस प्रत्येक खाचेसाठी पातं घासून घेतो. ज्याच्याकडे हार्डवेअरच्या दुकानातला एकच सेट आहे, त्याला नमस्कार करून निघा.

तुमची .३१५ ली-एनफिल्डच्या घाटाची, दस्ता दोन तुकड्यांत. तर त्याला सहज विचारा, “दस्ता काढताना आधी काय सोडवता?” त्या घाटाच्या जुन्या रायफलींत पुढचं लाकूड आधी उतरवावं लागतं, कारण दस्त्याच्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. तसाच फिरवला तर लाकूड चिरतं. उत्तर देताना जो चाचरेल तो तुमच्या रायफलवर शिकणार आहे. दस्त्याला अक्रोड घ्या, शिसवी जड होते. चाप हलका करायचा म्हटल्यावर लगेच कानस उचलणाऱ्याकडे रायफल सोडूच नका; बोल्ट (दस्त्याचा नव्हे, गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा) बंद करताना आपोआप गोळी सुटणारी रायफल अशाच कानशीतून जन्माला येते.

कारागीर शोधायचे तर वरळीच्या रेंजवर जाणाऱ्या जुन्या नेमबाजांना विचारा, किंवा फौजेतून रिटायर झालेला आर्मरर, म्हणजे तिथली हत्यारं दुरुस्त करणारा, गाठा. मात्र दुरुस्तीचं लायसन्स त्याच्या किंवा त्याच्या मालकाच्या नावावर हवंच. जम्मूला आणि मुंगेरला लायसन्सवाले बंदूक बनवणारे आहेत, पण तुमचं लायसन्स फक्त महाराष्ट्रापुरतं असेल तर रायफल घेऊन ट्रेनमध्ये चढू नका. हत्यार सोडताना नंबर घातलेली पावती घ्या. आणि नळी आखूड करून घेण्याचा विचार असेल तर त्याला वेगळी परवानगी लागते, कुणी ‘कोण बघतंय’ म्हणालं तरी. मी वकील नाही, लायसन्स ब्रँचला एकदा विचारून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमची रायफल एकनळी आहे, तिला गरम ब्लूइंग चालतं. फक्त पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा, डाखाने बसवलेली नाही ना, तेवढं बघा. तेव्हा चार दिवसांत काळी करून मिळाली तर घ्यायला हरकत नाही. दसऱ्याच्या आत दस्ता मात्र होणार नाही, आणि झाला तर तो मला दाखवू नका.

सगळेच दुकानदार तसे नसतात, हेही खरं. पण दादा अजून म्हणतो की दुकानाची चूक नाही, रिब आधीपासूनच सैल होती, जुनी वस्तू होती. दादा, हे वाचत असशील तर: त्या वर्षी गणपतीत, दुकानात द्यायच्या आधी, मी हॉलमध्ये तेल लावताना नळ्या अशाच लोंबत्या धरून वाजवल्या होत्या. तू सोफ्यावर फोन बघत होतास. तुझी चिनू आतून धावत आली आणि म्हणाली, “काका, आरती सुरू झाली?”