ईमेल आला, आली की आलं?

प्रश्न असा: एका सहकाऱ्याने लिहिलं 'तुमचा ईमेल मिळाला', दुसरीने 'तुमची ईमेल मिळाली', आणि बँकेकडून सूचना आली ती 'आपले ईमेल प्राप्त झाले' अशी. यातलं बरोबर कोणतं? आणि त्याला जोडून आणखी एक: एआय 'सांगतो', 'सांगते' की 'सांगतं'?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. मी 'ईमेल आला' म्हणतो. 'आली' आणि 'आलं' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण पुल्लिंगाच्या बाजूने एक बिनतोड मुद्दा आहे. तो पुढे येईलच.

इंग्रजी नामाला येताना लिंग नसतं. इथे आल्यावर मात्र मराठी क्रियापद त्याला लिंग विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. मग आपण नकळत त्याच अर्थाचा घरचा शब्द शोधतो आणि त्याचं लिंग पाहुण्याला लावतो. कार, बस, ट्रेन या सगळ्या 'ती', कारण मागे 'गाडी' उभी आहे. सीडी 'ती', कारण तबकडी. ज्याच्या मागे असं कोणीच सापडत नाही, त्याची रवानगी बहुधा नपुंसकलिंगात होते: ते ॲप, ते सॉफ्टवेअर, ते ब्लूटूथ. हे शेवटचं नाव मुळात दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून ठेवलेलं आहे. राजाला आपण 'ब्लूटूथ लागलंच नाही' म्हणून नपुंसकलिंगात बसवला, त्याचा त्याला पत्ता नाही.

ईमेलची पंचाईत अशी की त्याच्या मागे एक सोडून तीन घरचे शब्द आहेत. निरोप आला, चिठ्ठी आली, पत्र आलं. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली पहिला ईमेल पाठवला तो शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये. आपल्याकडे सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. तोवर 'मेल' हा शब्द मराठीत चांगला मुरलेला होता, पण टपालाच्या नव्हे, आगगाडीच्या अर्थाने. मुंबईहून सुटणाऱ्या पंजाब मेलला शंभरावर वर्षं झाली. मेल 'चुकली' किंवा 'लेट झाली' असं म्हणणाऱ्या घरात इनबॉक्समध्येही मेल 'आली', तर त्यात नवल ते काय?

एका शब्दाला दोन लिंगं असणं हा काही गुन्हा नाही. 'बराच वेळ झाला' आणि 'जेवायची वेळ झाली' ही दोन्ही वाक्यं आपण एका दमात बोलतो, आणि लिंगाबरोबर अर्थ किंचित बदलतो हेही सगळ्यांना न सांगता कळतं. बाग तर काहींचा फुलतो, काहींची फुलते.

आता तो बिनतोड मुद्दा. कुठल्याही उसन्या शब्दाची परीक्षा घ्यायची तर त्याचं अनेकवचन करून बघावं. फाइल स्त्रीलिंगी, म्हणून फायली; नोट स्त्रीलिंगी, म्हणून नोटा. हे शब्द मराठी झाले. मग मेल स्त्रीलिंगी धरली तर अनेकवचन काय? नोटेच्या चालीवर 'मेला'. नपुंसकलिंगी धरलं तर घर-घरं या चालीवर 'मेलं'. म्हणजे दोन्हीकडे मरण! जगतं ते फक्त पुल्लिंग: एक मेल आला, चार मेल आले, दगड-दगड सारखं बिनबोभाट. 'ईमेल्स आल्या' हा पर्याय आहेच, पण इंग्रजी अनेकवचनाला मराठी क्रियापद जोडणं मला रुचत नाही. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल चालवावं.

बँकेच्या वाक्यात तर आणखी एक गंमत आहे. लेखी भाषेत नपुंसकलिंगी एकवचनालाही 'झाले' आणि पुल्लिंगी अनेकवचनालाही 'झाले'. म्हणजे 'आपले ईमेल प्राप्त झाले' वाचून त्यांना आपला एक ईमेल मिळाला की चार, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तक्रारीचे चार पाठवले असतील तर हा तपशील महत्त्वाचा असतो.

कधी अर्थ एकीकडे ओढतो आणि शेवटचा स्वर दुसरीकडे. सेल्फी म्हणजे फोटोच, म्हणून 'सेल्फी काढला'. पण शेवटी 'ई' आहे, बॅटरी-गॅलरीसारखा, म्हणून 'सेल्फी काढली'. दोन्ही सर्रास ऐकू येतात. ओटीपीच्याही शेवटी 'ई' आहे, पण तो 'आला' असंच म्हणतात. तिथे कोड आणि पासवर्ड भारी पडले. रीलचं वेगळंच. दोऱ्याचं 'रीळ' मराठीत आधीपासून होतं, नपुंसकलिंगी आणि चक्क ळ घेऊन. तरी आताची पोरं 'रील टाकली' म्हणतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही आणि रील तिथे स्त्रीलिंगी आहे. हा शब्द दुसऱ्यांदा आला तो बहुधा त्या वाटेने.

या सगळ्यात खरे हाल होतात ते फोन-संगणकाच्या मराठीकरणाचं काम करणाऱ्यांचे. त्यांच्या हाती वाक्य येतं ते मधे भोक पाडलेलं: 'अमुक हटवला'. त्या भोकात फोटो पडला तर ठीक, फाइल पडली की 'फाइल हटवला' असं मराठी आपल्या पडद्यावर उमटतं. इंग्रजीत वाक्य रचणाऱ्याच्या हे स्वप्नातही नसतं. माणसांच्या बाबतीत मात्र आपल्या व्याकरणातच एक चोरवाट आहे. ग्रुपमधून 'बाहेर पडला' की 'बाहेर पडली' हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, म्हणून लिहायचं 'अमुक यांनी ग्रुप सोडला'. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्माच्या मागे जातं, ग्रुप पुल्लिंगी, प्रश्न मिटला. सोडणारे काका होते की मावशी, याची चौकशी बाकीचे करतीलच.

हीच चोरवाट एआयला लागू पडते. 'एआयने उत्तर दिलं', 'एआयने चूक केली', भूतकाळात कोणाला काही कळत नाही. अडतं ते वर्तमानकाळात. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हटलं की ती, चॅटबॉट म्हटलं की तो, सॉफ्टवेअर म्हटलं की ते. शिवाय आवाज आला की लिंग बदलतं. नकाशाचं ॲप एरवी 'ते', पण गाडी चुकीच्या गल्लीत शिरली की 'त्या बाईने सांगितलं म्हणून वळलो' असं आपण बेधडक सांगतो. ॲलेक्सा पहिल्या दिवसापासून 'ती'. शोधायला मात्र गुगलबाबा! माहिती देणारा बाबा आणि सांगकाम्या बाई, ही वाटणी कोणी शिकवली नाही, आपोआप झाली, आणि मला ती अजिबात आवडत नाही.

म्हणून मी 'एआय सांगतं' लिहितो. नपुंसकलिंगात ते सॉफ्टवेअरच्या रांगेत बसतं आणि त्याच्याकडून चुकून माणुसकीची अपेक्षा केली जात नाही. तुम्हाला 'सांगतो' बरं वाटत असेल तर तसं लिहा. फक्त एकाच मजकुरात वर 'सांगतो', खाली 'सांगते' नको; आणि तो मजकूर एआयकडूनच लिहून घेतला असेल तर हे एकदा डोळ्यांखालून घालाच.