वीस म्हणजे वीस काय?

कॉम्प्युटरची माहिती दाखवणाऱ्या तुझ्या प्रोग्रॅममध्ये नुसतं 'सीपीयू: २०' दिसतंय. बघणारा विचारणारच, वीस काय? कोअर (प्रोसेसरमधलं प्रत्यक्ष काम करणारं एकक) की थ्रेड (कोअरवर एका वेळी चालणारा कामाचा धागा)? पायथॉनचं 'सीपीयू काउंट' जो आकडा देतं तो लॉजिकल प्रोसेसरचा, म्हणजे थ्रेडचा असतो. तो कोअर म्हणून खपवू नकोस.

मीही सुरुवातीला हा घोळ घातलाय. थ्रेडचा आकडा घ्यायचा, दोनाने भागायचा, झाले कोअर! मग इंटेलचा आय७-१२७००के हा प्रोसेसर समोर आला आणि माझ्या स्क्रीनवर १० उमटले. खरे कोअर १२. त्यातले ८ परफॉर्मन्स कोअर दोन-दोन थ्रेड चालवतात, ४ एफिशियन्सी कोअर एकेकच. म्हणजे १६ आणि ४, वीस. शिवाय कुणी बायॉसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवायची सोय, बंद केलेलं असेल तर भागाकार तिथेही तोंडघशी पाडतो. कोअरची संख्या सिस्टिमकडूनच माग.

ओळ अशी छाप: '१२ कोअर (८ परफॉर्मन्स + ४ एफिशियन्सी), २० थ्रेड'. विंडोजचा टास्क मॅनेजर थ्रेडऐवजी 'लॉजिकल प्रोसेसर' म्हणतो. तू कुठलाही शब्द घे, पण एकदा घेतला की सगळीकडे तोच.

प्रत्येक थ्रेडचा आलेख काढणार असशील तर एका कोअरचे दोन्ही थ्रेड एका चौकटीत ठेव. फक्त शेजारचे क्रमांक म्हणजे जोडी असं धरू नकोस. लिनक्सवर ० क्रमांकाच्या थ्रेडचा जोडीदार कधी १ असतो, कधी ८. 'थ्रेड सिब्लिंग्ज लिस्ट' ही फाइल वाच, तीत खरी जोडी मिळते.

आणि कोअरची संख्या मिळालीच नाही तर 'माहीत नाही' लिही. '० कोअर' छापलेलं मी पाहिलंय.